अन्य भाषांत बोलणे (ख्रिस्ती धर्म)

प्रार्थनेत किंवा उपासनेत स्वतः कधीही न शिकलेल्या भाषेत, अथवा ऐकणाऱ्या कोणालाच न कळणाऱ्या उच्चारांत बोलणे. ख्रिस्ती परंपरेत हे पवित्र आत्म्याचे एक कृपादान मानले जाते. ते आजही मिळते का, मिळत असेल तर प्रत्येक विश्वासणाऱ्याला मिळायलाच हवे का आणि भर मंडळीत (चर्चच्या सभेत) त्याला किती वाव द्यावा, यावरून ख्रिस्ती लोकांत तीव्र मतभेद आहेत. विसाव्या शतकात त्यापायी मंडळ्या फुटल्या आणि नव्या उभ्या राहिल्या.

नव्या करारात या गोष्टीची दोन वेगळी चित्रे आढळतात. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या दुसऱ्या अध्यायात पेंटेकॉस्ट या यहुदी सणाच्या दिवशी पवित्र आत्मा उतरल्यावर येशूचे शिष्य बोलू लागतात आणि देशोदेशींहून यरुशलेमेस आलेल्या यहुद्यांना ते आपापल्या भाषेत ऐकू येते. ग्रीसमधील करिंथच्या मंडळीत मात्र बोलणाऱ्याचे शब्द कोणालाच समजत नाहीत. तो माणसांशी नव्हे तर देवाशी बोलतो, असे तिला पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. पुढच्या बहुतेक वादांचे मूळ या दोन चित्रांतल्या अंतरात आहे.

करिंथकरांस पहिले पत्र सुमारे इ.स. 55 मधले. त्याचा चौदावा अध्याय आजही समर्थक आणि विरोधक दोघेही पुढे करतात, आणि दोघांनाही तो पूर्णपणे सोयीचा नाही. मी तुम्हा सर्वांपेक्षा अधिक अन्य भाषांत बोलतो, असे पौल स्वतः सांगतो आणि लगेच म्हणतो की मंडळीत अशा भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बरे. बाहेरचा माणूस आत आला आणि सगळेच असे बोलत असले, तर तो तुम्हांला वेडे म्हणणार नाही का, असा त्याचा सवाल आहे. म्हणून तो शिस्त घालून देतो: दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने बोलावे आणि एकाने अर्थ सांगावा, अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने गप्प राहावे. पण शेवटी या बोलण्याला मनाई करू नका, असेही तो बजावतो. कसोटी एकच, मंडळीची उन्नती.

चौथ्या शतकाच्या अखेरीस ग्रीक धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तम याच पत्रावर प्रवचन देताना म्हणतो की असे आता घडत नसल्याने विषय धूसर झाला आहे. लॅटिन धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीननेही ते प्रेषितांच्या काळापुरते चिन्ह मानले. 1614 च्या रोमन विधिग्रंथात तर अनोळखी भाषेत बोलणे हे भूतबाधेच्या लक्षणांत गणले आहे. प्रॉटेस्टंट पंथांत ‘प्रेषितांबरोबर ही दाने थांबली’ हे मत रूढ झाले. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ बेंजामिन वॉरफील्ड यांनी 1918 मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली.

आधुनिक वादाची सुरुवात अमेरिकेतल्या कॅन्ससमधील टोपेका येथे झाली. 1901 च्या पहिल्या दिवशी चार्ल्स पारहॅम यांच्या बायबल शाळेतील ॲग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्य भाषेत बोलली. पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे विश्वासणाऱ्यात आत्मा सामर्थ्याने उतरल्याचा, पुरावा हाच, असे पारहॅम शिकवीत. आता मिशनऱ्यांना परदेशी भाषा शिकाव्या लागणार नाहीत, असेही त्यांना वाटे. त्यांचे शिष्य विल्यम सीमोर हे गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय आईबापांचे पुत्र. वर्णभेदामुळे ह्यूस्टनच्या वर्गात त्यांना बाहेर बसून ऐकावे लागले. 1906 मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर चालवलेल्या सभांतून आत्म्याच्या अशा दानांवर भर देणारी पेंटेकॉस्टल चळवळ जगभर गेली. तिथून आल्फ्रेड गार आणि त्यांची पत्नी लिलियन बंगाली बोलण्याच्या आशेने कोलकात्यास आले. बंगाल्यांना त्यांचे बोलणे कळले नाही, आणि हे दान प्रार्थनेसाठी आहे या अर्थाकडे गार वळले.

पेंटेकॉस्टल इतिहास अमेरिकेपासून सांगण्याच्या सवयीमुळे पुणे जिल्ह्यातील केडगावचा अध्याय मागे पडतो, आणि तो अन्याय आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जानेवारीपासून मुलींचे प्रार्थनागट जमत होते. जूनअखेरीस एका पहाटे झोपलेल्या एका मुलीभोवती आग दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली. ओतणार तोच लक्षात आले की ती पेटलेली नाही. पश्चात्तापाचे रडणे, मोठ्याने एकत्र प्रार्थना हे सगळे अझुसा स्ट्रीटच्या आधीचे आहे. डिसेंबर 1906 मध्ये मुली अन्य भाषांतही बोलू लागल्या. दौंडला अनाथ मुलांत काम करणारे मिशनरी आल्बर्ट नॉर्टन यांनी तिथे केवळ मराठी जाणणाऱ्या एका बाईला इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे लिहून ठेवले आहे.

रमाबाईंनी टीकाकारांपुढे मुलींची बाजू घेतली. भारतीय स्त्रियांचा आवेग पाहून नाक मुरडणाऱ्यांना त्यांनी जुमानले नाही. त्याच वेळी अन्य भाषा हाच आत्म्याचा एकमेव पुरावा हे मतही त्यांनी स्वीकारले नाही. प्रेम हीच खरी खूण. मनाई नाही आणि सक्तीही नाही, ही त्यांची भूमिका पौलाच्या सर्वांत जवळ जाते. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी या जागृतीवर लिहिलेले पुस्तक चिलीतील वाल्पाराइसोला हूव्हर या मिशनरी दांपत्याकडे गेले आणि तिथल्या मेथडिस्टांत 1909 मध्ये पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली.

अमेरिकेत मात्र पुराव्याचाच सिद्धांत पक्का झाला. असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल पंथाने 1916 च्या आपल्या विश्वासपत्रात अन्य भाषा हे आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे प्रारंभिक बाह्य चिन्ह ठरवले. ते न पटल्याने त्या पंथाचे प्रचारक एफ. एफ. बॉसवर्थ 1918 मध्ये बाहेर पडले. सीमोर यांनीही 1915 मध्ये हा सिद्धांत नाकारला होता. दानाचे प्रमाणपत्र झाले की न बोलणारा आपोआप कमी प्रतीचा ठरतो, ही त्यातली खरी अडचण. विरोधकही टोकाला गेले: 1909 च्या बर्लिन घोषणापत्रात जर्मन सुवार्तिक पुढाऱ्यांनी या चळवळीतला आत्मा वरून नव्हे, खालून, म्हणजे सैतानाकडून, आला आहे असे म्हटले. विदर्भात वाशिम-बुलढाणा भागात काम असलेल्या, पण अन्य भाषांत न बोलणाऱ्या नाझरीन या प्रॉटेस्टंट मंडळीने गैरसमज टाळण्यासाठी 1919 मध्ये आपल्या नावातून ‘पेंटेकॉस्टल’ शब्द काढला.

1960 मध्ये कॅलिफोर्नियातील एपिस्कोपल (अमेरिकन अँग्लिकन) धर्मगुरू डेनिस बेनेट यांनी आपण अन्य भाषांत प्रार्थना करतो असे वेदीवरून सांगितले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. 1967 मध्ये पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातील विद्यार्थ्यांपासून ही प्रार्थना कॅथलिकांत आली. गोवा आणि वसईतील करिश्माई (आत्म्याच्या दानांवर भर देणारे) प्रार्थनागट याच धारेतले. तिथे स्तुतीच्या ओघात सगळे एकदमच अशी प्रार्थना करतात किंवा गातात, मिस्साविधी मात्र ठरलेल्या भाषेत होतो.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम सॅमॅरिन यांनी 1972 मध्ये दाखवले की हे उच्चार बोलणाऱ्याच्या ओळखीच्या ध्वनींतूनच बनतात आणि त्यांना भाषेची रचना नसते. तरी बोलणाऱ्यासाठी त्यांना धार्मिक अर्थ असतो हे त्यांनी मान्य केले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील 2006 च्या अभ्यासात पाच स्त्रिया असे बोलत असताना त्यांच्या मेंदूच्या पुढील भागाची सक्रियता भजन गातानाच्या तुलनेत घटलेली आढळली. या अभ्यासांनी बोलण्याचे स्वरूप उलगडते. ते ईश्वरी आहे की नाही हे त्यांच्या कक्षेबाहेरचे आहे.

खाजगी प्रार्थनेपुरता विरोध आता बराच निवळला आहे. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्टांच्या आंतरराष्ट्रीय मिशन मंडळाने 2005 मध्ये एकांतातही अशी प्रार्थना करणाऱ्या उमेदवारांना दार बंद केले होते. 2015 मध्ये ती अट उठवली. सार्वजनिक उपासनेचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे. अनेक पेंटेकॉस्टल सभांत शेकडो लोक एकाच वेळी बोलतात आणि अर्थ सांगणारा कोणी नसतो. ही देवाशी चाललेली सामुदायिक प्रार्थना असून पौलाचा नियम मंडळीला उद्देशून दिलेल्या संदेशापुरता आहे, असे त्यांचे पाळक म्हणतात. टीकाकारांच्या मते नवख्या माणसाविषयीचा पौलाचा सवाल नेमका अशाच सभेला लागू पडतो.