आयसीमधील ईएसडी संरक्षण

स्थिर विद्युतभाराच्या अचानक विसर्जनापासून (ईएसडी) चिपच्या आतला नाजूक भाग वाचवण्यासाठी प्रत्येक इनपुट-आउटपुट पॅडपाशी (बाहेरची पिन चिपला जोडणाऱ्या धातूच्या चौकोनापाशी) बसवलेली सर्किट-रचना. स्वेटर काढताना तडतडते तीच ही वीज. ठिणगी बोटाला जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. मॉसफेट ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा, म्हणजे नियंत्रक टोकाखालचा, ऑक्साइड मात्र काही नॅनोमीटरच जाड असतो आणि नॅनोमीटरमागे सुमारे एका व्होल्टला फुटतो. त्यामुळे हाताळणाऱ्याला पत्ताही न लागता चिप मरते.

चाचणीची दोन प्रारूपे रूढ आहेत. मानवी शरीराच्या प्रारूपात १०० पिकोफॅरडचा भारित कपॅसिटर १,५०० ओहममधून पिनवर रिकामा करतात. २,००० व्होल्टला सुमारे १.३ अँपिअर प्रवाह वाहतो आणि शेदीडशे नॅनोसेकंदांत ओसरतो. दुसऱ्यात खुद्द चिपच भारित होऊन धातूला टेकते. हा झटका नॅनोसेकंदाभरात आटोपतो, पण प्रवाह कित्येक अँपिअरचा असतो. यंत्रांनी चालणाऱ्या कारखान्यात खरी धास्ती याचीच.

नेहमीच्या रचनेत पॅडपासून एक डायोड वरच्या पुरवठा-रेलकडे (चिपभर वीज नेणाऱ्या धातूच्या पट्टीकडे) जातो, तर दुसरा ग्राउंडकडून पॅडकडे येतो. एवढ्याने भागत नाही. झटका बहुधा चिप बंद असताना, कोणत्याही दोन पिनांमध्ये बसतो. डायोडने तो रेलवर ढकलला, तरी तिथून ग्राउंडला वाट हवीच. ती देतो पॉवर क्लॅम्प, म्हणजे दोन रेलांमधला एक भलामोठा ट्रान्झिस्टर. रेल काही नॅनोसेकंदांत उसळली की आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) जोडी त्याला उघडते. रोजच्या, सावकाश चढणाऱ्या पुरवठ्याला तो बंदच राहतो.

वाटेतली धातूची पट्टीही मोजावी लागते. ५ अँपिअर वाहताना एक ओहमसुद्धा ५ व्होल्ट वाढवतो, आणि पातळ ऑक्साइडला तेवढे पुरे. म्हणून इनपुट गेटच्या आधी रेझिस्टर आणि गेटला खेटून दुसरी, लहान डायोड-जोडी देतात. आउटपुटला ही सोय नाही: चालक ट्रान्झिस्टरचा ड्रेन (प्रवाहाचे एक टोक) थेट पॅडला जोडलेला, आणि मोठा रेझिस्टर घातला तर त्याची ताकदच जाते. तिथे ड्रेनवरचा सिलिसाइड (रोध कमी करणारा धातू-सिलिकॉनचा थर) काही भागात वगळून प्रवाह ट्रान्झिस्टरच्या सगळ्या बोटांत (समांतर पट्ट्यांत) वाटला जाईल असे पाहतात. एससीआर हा चार थरांचा अर्धवाहक स्विच कमी जागेत जास्त प्रवाह पेलतो. पण एकदा सुरू झाल्यावर पुरवठ्याच्याच जोरावर चालू राहिला, तर लॅच-अप होतो.

डायोड मोठा केला की संरक्षण वाढते आणि कपॅसिटन्सही. अवघ्या ०.२ पिकोफॅरडची प्रतिबाधा (प्रवाहाला होणारा अडथळा) १० गिगाहर्ट्झला ८० ओहमच्या आसपास येते. ५० ओहमच्या लाइनवर हा भार चांगलाच जाणवतो. कारखान्यांतली हाताळणी सुधारल्यावर २००७ साली उद्योगातील तज्ज्ञांनी मानवी प्रारूपाचे जुने २,००० व्होल्टचे लक्ष्य १,००० वर आणण्याची शिफारस केली, ती याच ओढाताणीतून.

चिपवरचे हे संरक्षण बोर्डावर जोडणी होईपर्यंतच्या हाताळणीसाठी असते. तयार उपकरणाच्या चाचणीत ८,००० व्होल्टच्या स्पर्श-झटक्याचे पहिले शिखर ३० अँपिअरचे असते. त्यासाठी यूएसबी सॉकेटजवळ बोर्डावरच वेगळा टीव्हीएस (क्षणिक जास्त व्होल्टेज दाबणारा) डायोड लावतात.