थंड देशातील अजस्र भोपळा

ऑक्टोबर 2025 मध्ये इंग्लंडमधील पेटन बंधूंनी हरितगृहात वाढवलेला एक भोपळा 1278.8 किलो भरला आणि जागतिक विक्रम ठरला. भोपळा मुळात उष्णतेचे पीक असून हिमतुषार त्याला मुळीच सोसत नाही. मग नागपूरच्या उन्हात असे फळ का वाढत नाही, हा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे.

पहिले कारण जातीचे. आपल्या बाजारातील लाल भोपळा बहुधा ‘कुकरबिटा मोशाटा’ या प्रजातीचा असतो. अजस्र भोपळे मात्र ‘कुकरबिटा मॅक्झिमा’ प्रजातीच्या ‘अटलांटिक जायंट’ या वाणाचे असतात. जेसिका सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून या वाणात पानांपासून फळाकडे साखर नेणाऱ्या रसवाहिन्यांचे क्षेत्र वाढले आहे. मला या शोधाचे फार मोल वाटते, कारण भोपळ्याच्या आकाराचे रहस्य साखरेच्या वाहतुकीत दडलेले आहे, हे त्यातून कळते.

ही साखर सर्वस्वी एकाच फळाला मिळावी म्हणून वेलीवरची बाकीची फळे खुडतात, आणि पेऱ्यांवर माती लोटून तेथेही मुळे फुटू देतात. बंद हरितगृहात मधमाश्यांचा भरवसा नसल्याने परागीभवन सकाळीच हाताने उरकावे लागते. काच किंवा प्लॅस्टिकच्या आवरणामुळे गरम हवा बाहेर निसटत नाही. म्हणून वसंतातील गारठ्यातही वेल लवकर मूळ धरते आणि शरदात फळाला वाढीचे अधिक दिवस मिळतात.

नागपुरात अडचण नेमकी उलट आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पाणी वाचवण्यासाठी पानांची रंध्रे मिटतात आणि साखर बनण्याची गती मंदावते. अति उष्णतेत मादी फुलेही कमी येतात. रात्रीही गारवा नसल्याने, दिवसा साठलेल्या साखरेचा मोठा वाटा श्वसनातच खर्ची पडतो. इंग्लंडच्या दक्षिण भागात जूनमधील दिवस 16 तासांहून मोठा असतो आणि रात्री थंड असतात. नागपुरात तो 13 तासांहून थोडाच अधिक भरतो.

त्यामुळे विदर्भात हा प्रयोग करायचा झाल्यास पावसाळा संपताच लागवड करून फळ हिवाळ्यात वाढवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. त्या काळात तापमान पिकाला मानवते, आणि पहाटेचा गारठा साध्या पॉलिहाऊसने अडवता येतो. परंतु डिसेंबरमधील दिवस जेमतेम 11 तासांचा असल्याने, विक्रमी वजनाची अपेक्षा कृत्रिम प्रकाशाची जोड दिल्याशिवाय धरता येणार नाही.