यामादोरी

डोंगरकडे, खडकाळ पठारे किंवा रानातून निसर्गतःच खुजे राहिलेले झाड मुळांसकट काढून बोन्सायसाठी कुंडीत वाढविण्याची पद्धत. अशा रीतीने मिळविलेल्या झाडालाही हेच नाव आहे. संज्ञा जपानी असली, तरी बोन्सायप्रेमींमध्ये ती जगभर रूढ झाली आहे. बी, कलम किंवा रोपवाटिकेतील रोप यांपासून केलेल्या बोन्सायपेक्षा यामादोरीला अधिक मान मिळतो, तो मुख्यतः खोडामुळे. वारा, बर्फ, घसरणारे दगड आणि तुटपुंजी माती यांनी शे-दोनशे वर्षांत खोडाला दिलेला पीळ माणसाच्या एका आयुष्यात साधत नाही.

पद्धतीच्या प्रारंभाविषयी मतभेद आहेत. चीनच्या शेन्सी प्रांतातील राजपुत्र चांगह्वाय याच्या थडग्यातील भित्तिचित्रात (सु. ७०६) एक सेवक तबकात लहान झाडे व दगडांची मांडणी घेऊन उभा असल्याचे दिसते. त्यावरून काही अभ्यासक कुंडीतील लघुवृक्षांची परंपरा थांग राजवटीच्या काळापर्यंत मागे नेतात. मात्र झाडे रानातून आणली होती की कसे, हे त्या चित्रावरून ठरत नाही. जपानमध्ये कासुगा देवस्थानाशी संबंधित चित्रगुंडाळीत (सु. १३०९) तबकांत वाढविलेली झाडे अधिक स्पष्ट दिसतात. आरंभीची अशी झाडे रानातूनच येत असावीत, हे अनुमान पटण्याजोगे आहे. परंतु झाडे शोधून विकणे हा स्वतंत्र धंदा मेजी काळात (१८६८–१९१२) बळावला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याआधीच्या एदो काळात खोडाफांद्या मुद्दाम वेड्यावाकड्या वळवून बांधलेली झाडे लोकप्रिय होती. पुढे चिनी चित्रकला व चहापानाच्या संस्कारांतून आलेल्या रसिकांनी नैसर्गिक रूपाला पसंती दिली, तशी डोंगरातल्या झाडांना मागणी आली.

या मागणीचा सर्वाधिक फटका शिंपाकू या ज्यूनिपर जातीच्या सूचिपर्णी झाडाला बसला. शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वतावरून आणि नंतर नीगाता प्रांतातील इतोइगावाजवळच्या चुनखडीच्या कड्यांवरून, दोरांना लोंबकळून जीव धोक्यात घालत लोकांनी ही झाडे काढली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सहज हाती लागणारी जुनी झाडे जवळजवळ संपली. आज बाजारात येणारा बहुतेक ‘इतोइगावा’ शिंपाकू त्या झाडांच्या छाटकलमांपासून वाढविलेला असतो. जपानबाहेर रॉकी पर्वतातील पाँडेरोसा पाइन व ज्यूनिपर, तसेच यूरोपातील स्कॉट्स पाइन, यू आणि हॉथॉर्न यांना विशेष मागणी आहे.

नवशिक्याची नजर आधी खोडावर जाते. ती मुळांवर जायला हवी. दाट रानातील खोल मातीत झाडे प्रकाशासाठी सरळ उंच वाढतात आणि त्यांची अन्नशोषक तंतुमुळे खोडापासून दूर पसरतात. अशा झाडाभोवती पहार चालविली की हाती उरतात ते जाड मुळांचे बुंधे. याउलट खडकाच्या खळग्यात साठलेल्या मूठभर पालापाचोळ्यात वाढलेल्या झाडाची सगळी मुळे तेवढ्याच जागेत गुंतलेली असतात. अनुभवी माणूस बुंध्याजवळचे शेवाळ हाताने बाजूला सारतो आणि खोड हळूच हलवून पाहतो. झाडाबरोबर मातीचा सगळा थर एकसंध हलला, तर ते निघण्याजोगे असते. खोड जागचे हलले नाही किंवा मूळ फटीत खोल शिरलेले दिसले, तर खोड कितीही देखणे असो, ते झाड तिथेच राहू द्यावे. त्याला उपटणे म्हणजे शतकभर तगलेला जीव एका दुपारी संपविणे होय.

समशीतोष्ण प्रदेशात हिवाळ्याच्या अखेरीस, कळ्या फुगण्याच्या सुमारास झाडे काढतात. सपाट जागी वर्षभर आधी झाडाभोवती चर खणून जाड मुळे तोडतात व चर भुसभुशीत मातीने भरतात. मग तुटलेल्या टोकांशी नवी तंतुमुळे फुटतात. जपानीत या तयारीला नेमावाशी म्हणतात. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांची मुळे कधीच पूर्ण धुऊन काढू नयेत. त्यांवर पांढुरक्या जाळ्यासारखे दिसणारे सहजीवी कवक पाणी व क्षार शोषण्यास मदत करते. मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्यावर त्यांच्याच मापाच्या लाकडी खोक्यात प्यूमिससारख्या (सच्छिद्र ज्वालामुखी दगड) निचऱ्याच्या माध्यमात झाड घट्ट बांधतात; खोड डुलले तर कोवळी मुळे तुटतात.

झाडाने जीव धरला की नाही, हे लवकर कळत नाही. सूचिपर्णी झाड मुळे मेल्यावरही कित्येक महिने हिरवे दिसू शकते, तर पानझडी झाडाला खोडातील साठ्यावरच पालवी फुटते आणि उन्हाळ्यात ती कोमेजते. त्यामुळे दोन-तीन वर्षे फांद्यांना तार गुंडाळून वळण देणे, छाटणी व कुंडीबदल टाळणे इष्ट.

जमीनमालकाची अनुमती ही यामादोरीची पहिली अट होय. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्यानुसार परवानगीशिवाय कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटणे गुन्हा आहे. अमेरिकेत काही राष्ट्रीय वनांत परवाना घेऊन झाड काढता येते. भारतात राखीव वने व अभयारण्ये यांना अनुक्रमे १९२७ चा भारतीय वन अधिनियम आणि १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम लागू होतो.

महाराष्ट्रात नवशिक्याला रानात जाण्याची गरजही सहसा पडत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बिया रुजून जुन्या भिंतींत, पाण्याच्या टाक्यांवर आणि कोकणात जांभ्याच्या गडग्यांत वड, पिंपळ व उंबर उगवतात. घरमालकाला ते काढूनच टाकायचे असतात आणि फटीत दबल्यामुळे त्यांचे बुंधे आधीच चपटे, गाठाळ झालेले असतात. तोडलेल्या मुळांतून येणारा चीक पाण्याने धुऊन थांबू द्यावा. या झाडांना ऊब व दमटपणा मानवतो, म्हणून मृगाच्या आसपास ती काढणे सोयीचे. वडाची बरीच मुळे गमावली, तरी उरलेल्या जाड मुळांतून नवी मुळे फुटतात.