तांदळाच्या दाण्याएवढं जनावर, चिखलातलं

हिवाळ्यात पैठणला नाथसागराचं पाणी मागं सरकलं की काठाला काळा गाळ उघडा पडतो आणि तिथं टिलवे, तुतवार दिवसभर चोच खुपसत फिरत असतात. मागच्या खेपेला भाचा सोबत होता, म्हणला, "मामा, हे चिखल खातेत का?" चिखल नाही रे, चिखलातल्या अळ्या, बारीक किडे खातेत. पण मग मी त्याला कोरोफियमचं सांगत बसलो. ते आपल्याकडं नसतं, उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्याला भरती-ओहोटीच्या चिखलात राहतं.

हे कोळंबी-खेकड्याच्या खानदानातलं, लांबी जेमतेम १ सेंटीमीटर, पुढं दोन जाडजूड लांब मिशा. पलास नावाच्या शास्त्रज्ञानं १७६६ लाच त्याचं वर्णन करून ठेवलंय. चिखलात यू आकाराचं बीळ करतं आणि पोटाखालचे पाय पंख्यासारखे हलवत त्यातून पाणी खेळवत राहतं, कारण खालच्या गाळात ऑक्सिजन जवळपास नसतोच. चिखलाचा काप काढून बघितला तर सगळा गाळ काळा आणि बिळाच्या भोवतीनं तेवढी तपकिरी किनार दिसते, जिथवर ह्याच्या पाण्यातला ऑक्सिजन पोचला तिथवर. मला हे लई आवडतं. खाणं म्हणजे वरचं सूक्ष्म शेवाळ, ते मिशांनी खरवडून बिळात ओढायचं.

मादी अंडी छातीखालच्या पिशवीत सांभाळते, पिल्लं बाहेर पडतात ती थेट मोठ्यांसारखीच दिसणारी, फक्त बारकी. नर ओहोटीला चिखलावर रांगत मादीची बिळं शोधत फिरतात आणि तिथंच पक्ष्यांच्या तावडीत सापडतात.

कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती १६ मीटरपर्यंत चढते, ओहोटीला मैलोन्मैल चिखल उघडा, एका चौरस मीटरात हजारो कोरोफियम. जुलै-ऑगस्टमध्ये आर्क्टिककडून एक छोटा तुतवार तिथं उतरतो, वजन २० ग्रॅमच्या आसपास, दोन-तीन आठवडे नुसता खातो, वजन जवळपास दुप्पट करतो आणि मग समुद्रावरून कुठंही न टेकता थेट दक्षिण अमेरिका गाठतो. एवढ्या प्रवासाची चरबी त्याच्या अंगावर चढते ती मुख्यतः ह्या चिखलातल्या जनावरांमुळं.

आणि एक कृमी आहे, ती कोरोफियमच्या अंगात वाढते पण तिला पुढचं आयुष्य पक्ष्याच्या पोटात काढायचं असतं, म्हणून लागण झालेलं कोरोफियम भरदिवसा, ओहोटीत, बीळ सोडून चिखलावर रांगायला लागतं, अगदी चोचीसमोर.