गोणी भरायची तर उन्हाळ कांद्याची

कांद्याचे भाव पडले की मराठवाड्यात घरोघरी गोणी घेण्याचा विचार सुरू होतो. गोणीत कांदा कोणता आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. बाजारात मुख्य तऱ्हा दोन: खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबरपासून येतो, रब्बीचा उन्हाळ कांदा मार्चअखेरपासून मेपर्यंत. भाजीत पडल्यावर दोन्ही सारखेच. ठेवायला गेलं तर लाल कांदा महिना-दीड महिन्यात कोंब काढतो नाहीतर सडतो, आणि नीट सुकवलेला उन्हाळ कांदा चार ते सहा महिने टिकतो.

याचं कारण शेतातच सापडतं. लाल कांदा पावसात वाढतो आणि बऱ्याचदा ओल्या जमिनीतून निघतो. काढणीला आला तरी त्याची पात हिरवी, उभी असते आणि मान, म्हणजे पात जिथे कांद्याला जुळते तो भाग, जाड राहते. त्या मानेतूनच बुरशीला आत शिरायला वाट मिळते. उन्हाळ कांद्याला मोठे दिवस आणि तापतं ऊन लाभतं. तो तयार झाला की माना आपोआप पडतात. निम्म्या माना पडल्या की शेतकरी काढणी धरतो. त्याआधीच पाणी तोडलेलं असतं. मग तीन-चार दिवस पातीसकट शेतात आणि पात कापून आठ-दहा दिवस सावलीत सुकवला की मान मिटते, वरच्या साली कोरड्या होऊन गच्च बसतात. एन-2-4-1, भीमा शक्ती हे रब्बीचे वाण या टिकाऊपणासाठीच लावतात. खरिपाच्या बसवंत 780 कडून तशी अपेक्षा कुणी शेतकरीही करत नाही.

रंगावरून अंदाज येतो: लाल कांदा गडद, उन्हाळ कांदा फिकट, विटकरीकडे झुकणारा. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. मान चिमटीत दाबा. मऊ लागली तर तो कांदा ठेवायचा नाही, विकणारा काहीही म्हणो. जोडकांदे आणि डेंगळे (फुलांचे दांडे) आलेले कांदेही वेगळे काढून आधी संपवा.

खरा घोटाळा मधल्या महिन्यांत होतो. जानेवारी ते मार्च रांगडा कांदा येतो, तो या दोन्हींच्या मधला. लाल कांद्यापेक्षा थोडा बरा टिकतो, पण त्याच्या भरवशावर पावसाळा काढता येत नाही. फेब्रुवारीत स्वस्त मिळाला म्हणून गोणी घेणारे इथेच फसतात. दिवाळीच्या सुमारास गंमत उलटी होते. तेव्हा कांदाचाळीत साठवलेला जुना उन्हाळ कांदा आणि नवा लाल कांदा शेजारी-शेजारी विकायला असतात. जुन्याची विश्रांती, म्हणजे कोंब न काढता राहण्याची मुदत, संपत आलेली, नव्याला मुळात दम नाही. त्या दिवसांत आठवड्याला लागेल तेवढाच घ्यावा.

उन्हाळ कांदा आणला की गोणीतून लगेच काढा. माळवदाचं घर असेल तर जागा शोधायची गरजच नाही. छतावरच्या जाड मातीखाली थंडावा असतो. पत्र्याच्या खोलीत मात्र मे महिन्यात कांदा भाजून निघतो आणि वजन घटतं. खाली तुराट्यांचा थर द्या किंवा बाजेवर पसरा, म्हणजे खालून हवा खेळते. ढीग हातभराच्या वर नको. पावसाळा लागला की आठवड्याला एकदा हात फिरवून मऊ झालेला कांदा बाहेर काढायचा, कारण एक सडका शेजारच्या चारांना ओल देतो. बटाटे जवळ नकोत, तेही ओल सोडतात. फ्रिजमध्ये अख्खा कांदा ठेवणं तर फुकटचा खटाटोप आहे: तिथे दमटपणा असतो आणि तेवढ्या गारव्यात त्याला कोंब फुटतो. 25 ते 30 अंशांची कोरडी हवा त्याला मानवते. म्हणूनच थंडीच्या रात्री सुरू झाल्या की उरलेल्या ढिगात हिरवे कोंब दिसू लागतात. कोंब फुटलेला कांदा खायला चालतो. सालीखाली काळी भुकटी दिसली तर वरचे पापुद्रे काढून, धुऊन आतला घट्ट भाग वापरा. वास येत असेल, चिकट लागत असेल तर सरळ उकिरड्यावर.

आणि लाल कांदा जास्त झाला तर? तो अख्खा ठेवण्याच्या नादी न लागता वाळवावा. पाऊस गेल्यावरचं आपलं कोरडं ऊन त्याला पुरतं. पातळ उभा चिरायचा, मीठ लावायचं नाही, सुती कापडावर विरळ पसरायचा आणि संध्याकाळी आत घ्यायचा, नाहीतर रात्रीचं दव सगळं पाण्यात घालतं. कांद्यात 85 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे पाटीभर चिरलेल्याचा डबाभरही होत नाही. बोटांत धरून कुडकुडीत मोडला की झाला. पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा. येसर आमटीच्या वाटणात तो तेलावर परतून टाकला की ताज्या कांद्याची आठवण येत नाही.