मंगळयान : कक्षेतील नित्य संचालन

परग्रहाभोवती स्थिरावलेल्या यानाशी संपर्क राखणे, त्याची कक्षा मोजणे, रोख (यान कोणत्या दिशेला वळलेले आहे ते) सांभाळणे, वीज व इंधनाचे नियोजन करणे आणि निरीक्षणे घेणे, या सतत चालणाऱ्या कामांचा समूह. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले व २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. सहा महिन्यांसाठी आखलेले हे काम साडेसात वर्षे चालले, आणि त्याचे मोठे श्रेय या नित्याच्या कामांना द्यावे लागते.

कक्षा अतिशय लंबवर्तुळाकार होती : आरंभी निकटबिंदू (मंगळाला सर्वांत जवळचा बिंदू) सुमारे ४२२ किमी., दूरबिंदू (सर्वांत लांबचा) सुमारे ७७,००० किमी., एका फेरीस जवळजवळ ७३ तास. दूरबिंदूकडून रंगीत कॅमेऱ्याला मंगळाचे पूर्ण बिंब एकाच चित्रात टिपता येई. खालच्या कक्षेतील यानांना हे साधत नाही. पृथ्वी-मंगळ अंतरानुसार संदेश पोहोचायला सुमारे ३ ते २२ मिनिटे लागत. त्यामुळे आज्ञासंच आगाऊ पाठवले जात व यान ते आपल्या घड्याळानुसार पाळी. बंगळूरुजवळील ब्यालालू येथील ३२ मी. व्यासाच्या अँटेनाला नासाच्या दूर-अंतराळ जाळ्याची जोड होती. जून २०१५ मध्ये सूर्य आड आल्याने संपर्क तुटला, तेव्हा यानाने स्वतःचा सांभाळ स्वतःच केला.

यानाचा रोख प्रतिक्रिया-चक्रांनी, म्हणजे यानातील फिरत्या चाकांनी, राखला जाई. सूर्यप्रकाशाचा दाब क्षीण पण अखंड असल्याने चक्रांचा वेग साचत जातो. तो उतरवण्यासाठी छोटी इंजिने चालवावी लागतात आणि दर वेळी थोडे इंधन खर्च होते.

छायाकाल, म्हणजे यान ग्रहाच्या छायेत सूर्यप्रकाशाविना असण्याचा काळ, ही याहून कठीण बाब होती. विद्युत्‌घट सुमारे १०० मिनिटांच्या अंधारापुरता होता, तर २०१७ मध्ये मंगळाच्या छायेतील प्रवास आठ तासांपर्यंत लांबणार होता. म्हणून १७ जानेवारी २०१७ रोजी आठ इंजिने ४३१ सेकंद चालवून वेगात ९७.५ मी./से. बदल केला गेला व कक्षा बदलून ही दीर्घ छाया टाळली गेली. त्यासाठी सुमारे २० किग्रॅ. इंधन लागले व सुमारे १३ किग्रॅ. उरले. उपलब्ध साठ्यापैकी निम्म्याहून अधिक इंधन एकाच वेळी वापरण्याचा हा निर्णय धाडसी आणि योग्य होता.

एप्रिल २०२२ मधील दीर्घ छायाकालानंतर संपर्क तुटला. त्याचे कारण काही बातम्यांत घटाची मर्यादा असे, तर काहींत इंधनसमाप्ती असे दिले आहे. इस्रोच्या ऑक्टोबर २०२२ मधील निवेदनानुसार, इंधन संपल्यामुळे वीजनिर्मितीसाठी हवा तो रोख यानाला राखता आला नसावा. २०१७ मधील उरलेला साठा व त्यानंतर सुमारे पाच वर्षे चक्रांचा वेग उतरवण्यात झालेला खर्च ध्यानात घेता हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. मात्र छायेचा वाटा त्यातून पूर्णपणे वगळता येत नाही.