जुन्या मल्टिमीटरला नव्या संगणकाशी बोलतं करताना

एचपी ३४७८ए हा १९८०च्या दशकातला साडेपाच अंकी (पाच पूर्ण अंक आणि पुढे एक मर्यादित अंक दाखवणारा) मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मोजणारं उपकरण, आजही अनेक प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे. त्याच्या मोजमापावर अजून भरवसा ठेवता येतो. अडचण येते ती आकडे टिपून ठेवायची. रात्रभर दर १० सेकंदांनी नोंद करायची तर माणूस मीटरसमोर बसून राहू शकत नाही आणि मीटरच्या पाठीमागचं २४ पिनांचं रुंद सॉकेट आजच्या कुठल्याच लॅपटॉपवर नसतं. तयार अडॅप्टर मिळतात, पण नामांकित कंपनीचा नवा अडॅप्टर कधीकधी जुन्या मीटरपेक्षाही महाग पडतो. एवढ्यावरून चांगलं उपकरण अडगळीत टाकू नये, असं मला मनापासून वाटतं, कारण हे काम एका साध्या अर्डुइनो बोर्डावरही, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या, स्वस्त सर्किट बोर्डावरही होतं.

ते सॉकेट जीपीआयबीचं, म्हणजे अनेक उपकरणं एकाच तारांच्या संचावर जोडणाऱ्या बसचं. ह्यूलेट-पॅकार्डने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या उपकरणांसाठी ही बस तयार केली आणि १९७५मध्ये आयईईई ४८८ या नावाने ती मानक ठरली. २४ तारांपैकी १६ कामाच्या, बाकीच्या ग्राउंड आणि शील्डच्या. कामाच्या तारांपैकी ८ तारांवरून एकेक बाइट जातो, ५ तारा बसचा कारभार सांभाळतात. उरलेल्या ३ तारा माझ्या दृष्टीने या रचनेतला सर्वांत सुंदर भाग आहेत.

या बसवर बाइट कधी वाचायचा हे सांगणारा घड्याळाचा ठोका नाही, ते काम या ३ तारा करतात. बोलणारं उपकरण बाइट तारांवर ठेवतं आणि 'डेटा तयार आहे' अशी खूण पहिल्या तारेवर देतं. पण त्याआधी दुसऱ्या तारेवर सगळ्या ऐकणाऱ्यांची 'आम्ही तयार आहोत' ही संमती यावी लागते आणि नंतर तिसऱ्या तारेवर 'घेतला' अशी पोचही यावी लागते. या तारांना एकाही उपकरणाने खाली ओढून धरलं तर तार खालीच राहते. शेवटच्याने सोडली की मगच ती वर जाते. शुद्धलेखन सांगणारे शिक्षक शेवटच्या मुलाचं लिहून होईपर्यंत पुढचं वाक्य सांगत नाहीत, तसा हा व्यवहार. सर्वांत हळू उपकरणाला सांभाळून घेण्यासाठी ही सोय केली होती आणि आपल्याला आज तीच उपयोगी पडते. अर्डुइनोवरचा १६ मेगाहर्ट्झवर चालणारा छोटा मायक्रोकंट्रोलर (बोर्डाची मुख्य चिप) एकेक तार निवांत वरखाली करत राहिला तरी मीटर तक्रार करत नाही, थांबून राहतो.

विजेचं गणितही जुळतं. जीपीआयबीचे संकेत ५ व्होल्टचे, अर्डुइनो उनो किंवा नॅनोचेही तेवढेच. एक उपकरण प्रत्येक तारेवर साधारण ३ मिलिअँपिअरचा भार टाकतं आणि बोर्डाची पिन २० मिलिअँपिअर सहज पेलते. मानकानुसार एका बसवर १५ उपकरणं चालतात. तेवढी जोडायची असतील तर एसएन७५१६० आणि एसएन७५१६१ या खास ड्रायव्हर चिप (तारांवरचा जास्त भार पेलणाऱ्या) हव्यातच. एकदोन उपकरणांसाठी मात्र तारा सरळ जोडून भागतं. ३.३ व्होल्टचा बोर्ड असेल तर मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन वेगळ्या व्होल्टेजचे संकेत जुळवणारा भाग) घालावा, नाहीतर त्याच्या पिना जायच्या.

बोर्डात भरायचा प्रोग्राम स्वतः लिहायची गरज नाही. एआर४८८ नावाचा मुक्त प्रकल्प हेच काम करतो. संगणकाला समोर एक साधा सीरियल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी) दिसतो. दोन अधिकचिन्हांनी सुरू होणारी ओळ बोर्डासाठी, बाकी सगळं उपकरणाकडे. पायथॉनच्या चार ओळींत वाचन सुरू होतं. एक खाचखळगा मात्र आधीच सांगतो: पोर्ट उघडताच हे बोर्ड सहसा रीसेट होतात, त्यामुळे पहिली आज्ञा पाठवण्याआधी एकदोन सेकंद थांबावं.

पुढचा प्रश्न भाषेचा. उपकरणाला त्याची ओळख विचारण्याची ठरलेली आज्ञा १९८७च्या आयईईई ४८८.२ मानकात आली. त्याआधीच्या उपकरणांना ती कळत नाही. ३४७८एला 'एफ१आरएएन५' असं लिहून पाठवावं लागतं: डीसी व्होल्ट, रेंज आपोआप, साडेपाच अंक. म्हणून सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी मूळ मॅन्युअल मिळवावं.

ज्या उपकरणांना जीपीआयबीऐवजी आरएस-२३२ (जुन्या धाटणीचा सीरियल) पोर्ट आहे त्यांचं काम आणखी सोपं, फक्त व्होल्टेज सांभाळायचं. तिथे शून्य आणि एक हे धन आणि ऋण व्होल्टेजने दाखवतात, बहुधा ५ ते १५ व्होल्टच्या दरम्यान. ५ किंवा ३.३ व्होल्टचा उघडा यूएसबी-सीरियल बोर्ड थेट तिथे लावला तर तो जळू शकतो. मध्ये मॅक्स२३२सारखी चिप हवी, किंवा खरा आरएस-२३२ अडॅप्टर घ्यावा. जोडूनही उत्तर आलं नाही, तर आधी २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांच्या तारा अदलाबदल करून पाहाव्यात.

जोडणी झाली की आकडे टिपण्याआधी एक काम उरकून घ्यावं, निदान ३४७८ए असेल तर. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप अचूक ठेवणारे दुरुस्तीचे आकडे, बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत साठवलेलं असतं. बॅटरी संपली की ते पुसलं जातं आणि मीटर पुन्हा प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. पण या मीटरला 'डब्ल्यू' ही आज्ञा आहे. तिच्यापुढे पत्ता (मेमरीतल्या जागेचा क्रमांक) दिला की मेमरीतला तेवढा भाग तो परत पाठवतो. २५६ पत्ते एकामागून एक वाचून फाइल जपून ठेवली, की बॅटरी बदलताना काही बिनसलं तरी 'एक्स' आज्ञेने सगळं पुन्हा लिहिता येतं. लिहिताना पुढच्या पॅनेलवरचा कॅलिब्रेशनचा स्विच चालू लागतो, वाचताना तो बंदच ठेवावा.